पाण्यावरचा अबोला

मालदीवला पाण्यावरच्या घरात सहा दिवस राहून आले असं सांगितलं, की आमच्या मखमलाबादच्या बायका पहिला प्रश्न विचारतात, घर हलतं का. नाही हलत. समुद्रात खांब रोवून त्यावर लाकडाची घरं बांधली आहेत आणि ती आपल्या कांद्याच्या चाळीइतकीच घट्ट उभी असतात. दुसरा प्रश्न असतो, कोणाबरोबर गेली होतीस. मी सांगते, थोरल्या जाऊबाईंबरोबर. त्यानंतर मात्र कोणी काही विचारत नाही, नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहतात. कारण मी आणि आक्का अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो, हे आमच्या गल्लीतल्या गाईगुरांनाही ठाऊक आहे.

म्हणून समुद्राचं सांगण्याआधी थोडं घरचं सांगावं लागेल.

आमचं घर फुलवाल्यांचं. झेंडू, शेवंती, निशिगंध. पहाटे चारला उठून फुलं तोडायची आणि उजाडायच्या आत टोपल्या नाशिकच्या फुलबाजारात पोचवायच्या. आक्काला मूल झालं नाही. माझी मयूरी जन्मली तेव्हा मी चार महिने अंथरुणाला खिळून होते, त्यामुळे पोर आक्काच्याच कुशीत वाढली. मी आई, आक्का मोठी आई. बारावीनंतर मयूरीला हॉटेलचं शिकायला बंगळूरला जायचं होतं. मी साफ नको म्हटलं. आक्काने मला न सांगता स्वतःच्या पाटल्या मोडल्या आणि पोरीची फी भरली. मला कळलं तेव्हा माझा नुसता तिळपापड झाला. ओट्यावर चार बायका बसलेल्या असताना मी बोलून गेले, "स्वतःच्या पोटची असती, तर धाडली असती का एवढ्या लांब?"

आक्का उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी मी मयूरीला बजावलं, की ह्यापुढे तिला मोठी आई म्हणायचं नाही, काकू म्हणायचं. पोर निमूटपणे काकू म्हणू लागली. मग वाटण्या झाल्या, चुली दोन झाल्या, अंगणात तारेचं कुंपण आलं.

आमच्याकडे अबोल्यालाही रीत असते. बोलायचं नाही, पण सणाचं ताट कुंपणावरून गेलंच पाहिजे. आजारपणात पाय चेपायचे, फक्त तोंड दुसरीकडे करून. आणि काही सांगायचंच असेल तर मधे कोणीतरी ठेवायचं. घरात माणूस नसेल तर गाईला सांगायचं. "गाईबाई, कुणाचं तरी दूध उतू चाललंय," असं मोठ्याने म्हटलं की पलीकडची धावते. मागच्या वर्षी माझे थोरले दीर गेले, तेव्हा तेरा दिवस मी आक्काच्या पाठीशी बसून होते. तिला घास भरवले, पण एक शब्द बोलले नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

दीर गेल्यावर येवल्याचा तिचा भाऊ सारखा म्हणू लागला, एकटी कशाला राहतेस, आमच्याकडे ये. त्याच्या घरी पैठणीचे माग आहेत, माणसांचा राबता आहे. आक्काने हो म्हटलं. ट्रंक भरली. आणि नेमकी त्याच सुमाराला मयूरीने विमानाची दोन तिकिटं पाठवली. ती मालदीवच्या एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांचं हवं-नको बघते, आणि नोकरीतल्या माणसांना वर्षातून एकदा घरच्यांना कमी दरात बोलावता येतं. एक तिकीट माझं, एक आक्काचं. तिच्या पप्पांचं नव्हतं. फोनवर म्हणाली, पप्पांना पाण्याची भीती वाटते, आणि शेवंतीला औषध मारायला कोणीतरी हवंच की. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळे मी पिशवी भरायला घेतली.

मला आक्का जायला नको होती. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते, पण रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. हातात सहा दिवस होते. तेवढ्यात माझं तोंड उघडलं नाही, तर परत येऊन तिची ट्रंक टेम्पोत चढताना कुंपणाआडून बघायची, एवढंच उरलं होतं.

मंगळवार

मुंबईपर्यंतचा घाट आणि मोठं विमान ह्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मालेला, म्हणजे तिथल्या राजधानीला, उतरल्यावर मात्र पाण्यावर उतरणारं एक लहानसं विमान आलं, आणि त्याचा चालक चक्क अनवाणी होता. आक्काने त्याच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. तिला ते आवडलं असावं, कारण तिने आपल्याही चपला काढून पिशवीत टाकल्या. पुढचे सहा दिवस तिने त्या घातल्या नाहीत. त्या बेटावर सगळेच अनवाणी फिरतात. आपण हौसेने बूट घालून जावं आणि तिथे श्रीमंत माणसं शेतातल्यासारखी उघड्या पायाने वाळूत हिंडताना दिसावीत, ह्याची मला मोठी गंमत वाटली.

वरून समुद्र पाहिला आणि मी माझा सगळा विचार विसरले. मध्येच एखादं बेट, भोवती वाळूचं पांढरं कडं, आणि त्याच्या भोवती असं निळं-हिरवं पाणी की विश्वास बसू नये. मी तो रंग आधी पाहिला होता. द्राक्षाच्या बागेवर फवारायला पिंपात मोरचूद भिजत घालतात ना, अगदी तो. फरक इतकाच, की इथे पिंपाला काठच नव्हता. मी वळून आक्काला दाखवणार होते. हात उचलला, आणि आठवण होऊन खाली घेतला. तिने तो हात पाहिला.

धक्क्यावर मयूरी उभी होती, पांढऱ्या गणवेशात, केस चापूनचोपून बांधलेले. आमची पोर एवढी ऐटीत चालते हे मला ठाऊकच नव्हतं. तिने दोघींना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आई, काकू, प्रवास नीट झाला ना?" मग आमच्या दिमतीला दिलेल्या माणसाची ओळख करून दिली. इब्राहिमभाई. पन्नाशीचा, शांत, सावळा, कानावर थोडे पिकलेले केस. वडिलांच्या आजारपणात तो काही महिने केरळात राहिला होता आणि हिंदी मालिका बघून हिंदी शिकला होता. मयूरीला दिवसभर काम असणार होतं. म्हणजे सहा दिवस मधे बोलायला हाच एक माणूस.

समुद्रात शिरणाऱ्या लाकडी वाटेने चालत आम्ही आमच्या घरी पोचलो. दार उघडलं, तर आत एकच पलंग. खळ्याएवढा मोठा, पण एकच. त्यावर पंच्यांचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसवलेले, आणि भोवती गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम. मयूरी लाल झाली. म्हणाली, हे नवरा-बायकोसाठी असतं, मी सांगायला विसरले. आक्का पुढे झाली, पदराचा ओचा केला आणि एकेक पाकळी त्यात वेचून घेतली. फुलवाल्या बाईला पाकळी चुरगळलेली बघवत नाही. मी एका बाजूने राजहंस उलगडून पंचे घडी करून ठेवले. तिला डावी बाजू, मला उजवी. न बोलताच ठरलं.

पलंगाच्या पायथ्याशी जमिनीत काच होती आणि खाली समुद्र. पिवळ्या पट्ट्यांचे मासे निवांत फिरत होते. आक्का त्या काचेवर पाय ठेवत नसे, वळसा घालून जायची. त्यांच्या डोक्यावरून कसं जायचं, असा तिचा विचार असावा.

बुधवार

त्या घरात दिवस कसा जातो हे सांगणं अवघड आहे, कारण तो जातच नाही. पाण्यावरचा उजेड वळून छतावर पडतो आणि तिथे दिवसभर हलत राहतो. आपण पडल्या पडल्या तो बघावा, डोळा लागावा, जाग यावी तर उजेड थोडा सरकलेला असावा. खालून खांबांना पाणी लागल्याचा बारीक आवाज. लग्न झाल्यापासून दुपारी मी कधी झोपले नव्हते. त्या दिवशी दोनदा झोपले. दुसऱ्यांदा उठले तेव्हा माझ्या पायांवर पांघरूण होतं. मी घेतलेलं नव्हतं.

जेवणाची चंगळ होती. सकाळी तिथले लोक रोशी खातात, म्हणजे आपली चपातीच, थोडी जाड. तिच्याबरोबर खोबरं, कांदा, मिरची आणि मासा कालवलेला असतो. बुधवार होता, त्यामुळे आक्काला मासा चालणार होता. एक घास घेऊन तिने पिशवीतून खुरासणीची चटणी काढली आणि रोशीवर घातली. मग तीच पुडी टेबलावर माझ्या बाजूला सरकवली. इब्राहिमभाईलाही दिली. त्याला ती इतकी आवडली की स्वयंपाकघरातले दोघे तिघे चव बघायला आले.

आमचा अबोला इब्राहिमभाईच्या पहिल्या दिवशीच लक्षात आला होता. निरोप्याचं काम त्याने असं काही केलं की काय सांगावं. आक्का त्याला म्हणायची, "ह्या बाईंना सांगा, एसी कमी करा. हाडं गोठायची वेळ आलीय." त्याला मराठी येत नव्हती. आक्काचे हातवारे बघून तो माझ्याकडे वळायचा आणि अदबीने म्हणायचा, "मॅडम, बडी मॅडम पूछ रही हैं, आपको सर्दी तो नहीं होगी?" मी म्हणायचे, त्यांना सांगा, रिमोट त्यांच्याच उशाशी आहे. तो आक्काला सांगायचा, छोटी मॅडम म्हणतात, तुम्हाला आवडेल तसं करा. दिवसभर हे चाललं. संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडची आक्का मला फार मायाळू वाटायला लागली, आणि पांघरुणाची आठवण झाल्यावर वाटलं, की त्याचं भाषांतर कदाचित बरोबरच असेल.

आपल्याकडे भांडणात मधला माणूस मीठ-मसाला लावतो. ह्या गृहस्थाने साखर लावली. मी त्याला विचारलं, तुमच्या बेटावर असा अबोला धरतात का. तो म्हणाला, आमचं बेट ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला दहा मिनिटं लागतात, तिथे अबोला कुठे धरणार. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये असं आपण म्हणतो, ते ह्या लोकांना सांगावं लागत नाही.

गुरुवार

आता आमच्या हातून जो घोळ झाला तो सांगते.

चारला जाग आली. घड्याळ तिथे अर्धा तास मागे आहे, पण हातांना ते कळत नाही. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला आक्काही उठून बसली होती. तोडायला फुलं नाहीत, करायचं काय? ती बाहेर पडली, मी तिच्या मागे. लाकडी वाट संपून बेट सुरू होतं तिथे एक लांब रस्ता आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा चाफा आणि जास्वंदीची कुंपणं. वाटेवर लहान दिवे होते. झाडं नुसती लगडली होती.

आक्का थांबली. मी थांबले. फुलं झाडावर असताना ऊन चढू द्यायचं, हे आमच्या घरात पाप समजतात. तिने पदराचा ओचा खोचला आणि डाव्या बाजूने सुरुवात केली. मी उजवी बाजू धरली. आम्ही नव्या नवऱ्या होतो तेव्हापासून असंच तोडायचो, एका ओळीच्या दोन बाजूंना दोघी, कोणी पुढे जायचं नाही, कोणी मागे राहायचं नाही. अकरा वर्षांत आम्ही एका ओळीत काम केलं नव्हतं. पण हातांनी चाल सोडली नव्हती. तिची फांदी वाकली की माझ्याकडे फुलं येत, माझी वाकली की तिच्याकडे जात. समुद्राचा वारा, चाफ्याचा वास, हळूहळू फटफटणारं आभाळ. मला वाटलं, हे असंच संपू नये. उजाडलं तेव्हा रस्त्यावर एक फूल उरलं नव्हतं. आम्ही पदर भरून घरी आलो, आक्काच्या बटव्यात सुई-दोरा होताच, बाहेरच्या फळीवर पाय सोडून बसलो आणि माळा ओवायला लागलो.

साडेसातला मयूरी धावतपळत आली. तिच्या मागे इब्राहिमभाई, त्याच्या मागे तिथला माळी, हातात कात्री घेऊन, रडायच्या बेतात. त्या दिवशी नऊ वाजता एका परदेशी जोडप्याचं लग्न होतं. नवरी त्या फुललेल्या रस्त्याने चालत येणार होती. महिनाभर माळ्याने त्या झाडांना कात्री लावली नव्हती.

मयूरीने फळीवरचा ढीग पाहिला आणि खालीच बसली. अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "कोणी तोडली?"

मी म्हणाले, "मी." त्याच वेळी आक्का इब्राहिमभाईकडे बघून म्हणाली, "मी तोडली म्हणावं. त्या झोपल्या होत्या." इब्राहिमभाईने ह्या वेळी भाषांतर केलं नाही.

पोरीच्या नोकरीवर आलं होतं. तिचा साहेब वाटेवर उभा राहून फोनवर बोलत होता. आक्का उठली, मयूरीच्या हातात माळ दिली आणि म्हणाली, "चौकट कुठं हाय लग्नाची? बांबूची? मला दाव." पुढचा तास दीड तास आम्ही दोघींनी जे केलं ते तीस वर्षं करत आलो आहोत. लग्नाच्या कमानीला चाफ्याच्या माळा सोडल्या, मधे जास्वंदीचे गोंडे. नवरीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना झाडांवरच माळा बांधल्या, म्हणजे झाडांना त्यांचीच फुलं परत दिली. माळी आधी लांब उभा होता, नंतर शिडी धरायला आला. नवरी आली, तिने कमान पाहिली आणि जवळ येऊन आक्काचे दोन्ही हात हातात घेतले. साहेब काही हसला नाही, पण मयूरीला ओरडलाही नाही. दुपारी मात्र आमच्या दारावर हिंदीत एक पाटी लागली, की कृपया फुले तोडू नयेत. बाकी कोणाच्या दारावर नव्हती.

संध्याकाळी इब्राहिमभाई सांगायला आला, की उद्या शुक्रवार, मी नमाजासाठी माझ्या बेटावर जातो, दिवसभर नसेन. तुमच्यासाठी दुसरा हिंदी बोलणारा माणूस पाठवू का. मी हो म्हणणार होते. माझ्या आधी आक्काने मान हलवली. "नको," ती म्हणाली.

शुक्रवार

घराच्या मागच्या फळीवरून लाकडी पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. सकाळी ऊन कोवळं असताना आक्का शेवटच्या पायरीवर जाऊन बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन, पाय पाण्यात. मी तिच्या बाजूने पाण्यात उतरले. कमरेइतकंच होतं आणि इतकं निवळ, की पायाची नखं मोजता यावीत. समुद्र असा गप्प असतो हे मला माहीत नव्हतं. लाट नाही, फेस नाही. पलीकडे लांबवर एक पांढरी रेघ होती, तिथे लाटा फुटत होत्या, पण त्यांचा आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. पाणी अंगाला लागत होतं की नाही तेही कळेना, इतकं ते अंगासारखंच कोमट होतं. मी डोळे मिटले. वाटलं, मखमलाबाद, वाटण्या, कुंपण, सगळं कोणा दुसऱ्याच बाईचं आहे.

आक्का समुद्राकडे बघत बोलली, "कुणीतरी सांगा, मागं मासा आलाय. तोंडाचा लय मोठा हाय."

मी वळून पाहिलं. हातभर लांबीचं शार्कचं पिल्लू माझ्या मागून चाललं होतं. मयूरीने सांगितलं होतं, ती काही करत नाहीत. पण मी पाण्यातून पायरीवर कशी आले ते मला आठवत नाही. आले ती थेट आक्काला खेटून बसले. दम लागला होता आणि हसूही येत होतं. ती हसत नव्हती, पण सरकून तिने मला जागा केली. सांगायला गाय नव्हती, इब्राहिमभाई नव्हता. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"आक्का," मी म्हणाले.

तिचे पाण्यातले पाय थांबले.

"त्या दिवशी ओट्यावर मी जे बोलले, ते बोलायला नको होतं. माझं चुकलं. एक दिवस असा गेला नाही की मला ते आठवलं नाही."

तिने पाय पुन्हा हलवायला सुरुवात केली. मला वाटलं, आता उठून जाईल. मग ती बोलली, आणि अकरा वर्षांनी माझ्याशी बोलली, तरी काल रात्रीचं राहिलेलं बोलणं पुरं करावं अशा आवाजात बोलली.

"लागलं मला ते. लय लागलं. पण ते मी त्याच वर्साला गिळलं. आपल्या घरात तोंडाला लगाम कुणाच्या हाय? माझ्याबी नाय. मला राग त्याचा नाय."

"मग कशाचा?"

"पोर मला अजून मोठी आईच म्हणती. तुझा फोन ठिवला का मला फोन करती, रोज. फोनवर मोठी आई, अन् तुझ्यासमोर काकू. तुला भिऊन. अकरा वर्सं लेकरू दोन तोंडांनी जगतंय, सुमे. माझं जाऊ दे, मी म्हातारी झाले. पण तिला तू चोर केलं. मला राग त्याचा हाय."

रोज संध्याकाळी मयूरीशी बोलून मी फोन ठेवायचे तेव्हा मनात म्हणायचे, पोर लांब आहे पण आपल्यापासून काही लपवत नाही. आणि त्याच क्षणी कुंपणापलीकडे दुसरा फोन वाजत असायचा. मी त्या पायरीवर बसून रडले. लहान मुलासारखी, नाक वाहीपर्यंत रडले. आक्काने मला उगी केलं नाही. पदराचं टोक ओलं करून माझ्या हातात दिलं, खारं पाणीच ते, तरी मी तोंड पुसलं.

थोड्या वेळाने मी म्हणाले, "येवल्याला जाऊ नका."

"भावाला शब्द दिलाय मी," ती म्हणाली. "तिथं कुणी मला गाईमार्फत बोलत नाय."

तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला, उठली आणि वर जाता जाता म्हणाली, "चहा ठिव. ते यंत्र मला समजत नाय."

शनिवार आणि रविवार

शनिवारी संध्याकाळी मयूरीला सुट्टी मिळाली. तिने आम्हाला वाळूच्या टोकावर जेवायला नेलं. पाण्यात पाय जातील इतक्या जवळ टेबल मांडलं होतं. सूर्य बुडत होता आणि समुद्र आधी केशरी, मग जांभळा, मग कोवळ्या कांद्याच्या सालीसारखा झाला. आक्का आणि मी समोरासमोर बसून बोलत होतो, शेवंतीवर पडणाऱ्या माव्याच्या किडीबद्दल. मयूरी आमच्याकडे बघत राहिली. तिचा घास हातातच राहिला.

मग तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही इकडे बसा, तिथे वारा लागेल."

मी म्हणाले, "मयूरी, काकू नको म्हणूस. मोठी आई म्हण. माझ्यासमोर म्हण."

पोरीने आक्काकडे पाहिलं. आक्काने मान डोलावली. मयूरीने तोंड उघडलं, मिटलं. तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "जमत नाही गं आई. तू समोर असलीस की जीभच वळत नाही."

मी एका दिवसात शिकवलं होतं, ते एका दिवसात पुसायला निघाले होते. आक्काने तिच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, आधी जेव.

रविवारी सकाळी धक्क्यावर इब्राहिमभाई निरोप द्यायला आला. आक्काने उरलेली सगळी चटणी त्याला दिली. तो हिंदीत म्हणाला, बडी मॅडम, छोटी मॅडमना काही सांगायचंय का, मी सांगतो. आक्का मराठीतच म्हणाली, नको, माझं मी सांगीन. ते मात्र त्याला बरोबर कळलं.

मयूरी माझ्या गळ्यात पडली. मग आक्काच्या पडली. मी मुद्दाम पाण्याकडे तोंड केलं. तिला माझ्यासमोर म्हणता येत नव्हतं, मग मी तिथे नसल्यासारखं तरी व्हावं. माझ्या पाठीमागे ती हलकेच बोलली, "मोठी आई, पोचल्यावर औषध वेळेवर घे." मला स्पष्ट ऐकू आलं. मी वळले नाही. निळं पाणी बघत उभी राहिले, आणि ते मला धूसर दिसत होतं.

पाण्यावरच्या विमानातून आक्काने खिडकीपाशी बोट नेलं आणि मला दाखवलं, "बघ, मोरचूद." तिलाही तेच वाटलं होतं.

आम्हाला येऊन आता दीड महिना झाला. ठरल्या दिवशी येवल्याचा भाऊ टेम्पो घेऊन आला होता. आक्काने त्याला जेवायला वाढलं आणि सांगितलं, की ट्रंक राहू दे, मी दिवाळीला चार दिवस येईन, आत्ता शेवंतीचा तोडा सुरू झालाय आणि एकट्या सुमनच्याने तो उरकत नाही. तो थोडा रागावला. मी त्याला शेवंतीची टोपली भरून दिली. कुंपणाची तार अजून आहे, ती काढायला ह्यांना वेळ मिळत नाही, म्हणून आम्ही मधल्या दोन तारा वाकवून जाण्यायेण्यापुरती वाट केली आहे.

संध्याकाळी सातच्या सुमाराला आम्ही दोघी माझ्या ओट्यावर बसतो. मयूरीचा फोन येतो. पूर्वी तिचे रोज दोन फोन यायचे. आता एकच येतो.